एकशे बारावा वर्गणीदार

शहापुरात एका विणकराचं मागघर होतं.
माग विकून गेला, खड्डा राहिला.
त्या खड्ड्यात आम्ही कागदाची रिमं रचायचो,
खाली कडुलिंबाचा पाला, वर गोणपाट.
मी शाई लावणारा पोर.
हात कितीही घासले तरी भाकरीवर ठसे उठायचे.

मालक, संपादक, लेखक, हिशेबनीस
आणि रागात असले की स्वतःचेच टीकाकार
गुंडोपंत नाडगौडा.
मासिकाचं नाव लांबलचक, पानं चोवीस.
वर्गणी सालाची दीड रुपया, टपालहशील वेगळं.
पहिल्या वर्षी घेणारे त्रेसष्ट,
त्यातले अकरा पंतांचे व्याही, मेहुणे, साडू.

खिळे जुळवायला बसाप्पा.
घरी कानडी, बाजारात मराठी,
आणि बाळबोध लिपी आधी उलटीच शिकलेला.
छापलेलं पान उजेडात धरून म्हणायचा,
“हे काय वो, अक्षरं पाठ फिरवून बसल्यात.”
त्याच्या पेटीत ‘ळ’चं घर सगळ्यांत आधी रिकामं व्हायचं.
“पंत, कमळ काढा, पद्म घाला. ळ संपला.”
पंत कुरकुरत खोडायचे.
त्या साली आमच्या मासिकात
बाळ रडलं नाही, मूल रडलं.
आभाळ भरून आलं नाही, मेघ दाटले.
बेळगावातले वकील म्हणाले,
भाषा अलीकडे प्रौढ झाली आहे.

महिनाअखेरीला खळ उकळून वेष्टणं चिकटवायची.
खानापूर चार. नंदगड दोन. संकेश्वर नऊ.
हुक्केरी कचेरीतल्या तीन कारकुनांत मिळून एक.
चिकोडीचे मास्तर, वर्गणी अर्धी, सूचना भरपूर.
आणि एकशे बारावा:
तंबाखू वखार, निपाणी.
माणसाचं नाव नाही. पैसे मात्र पुरे,
आणि मनिऑर्डरीच्या कुपनावर एवढंच,
‘गोष्टीचा पुढला भाग वेळेवर धाडणे.’

“जा, बघून ये कोण रसिक आहे ते,”
म्हणून पंतांनी मला मोटारीत बसवलं.

वखारीच्या दारातच मला शिंका.
आत बायका, मांडीवर पानांचे ढीग,
शिरा काढणारी बोटं माझ्यासारखीच काळी.
पोत्यावर बसलेला दस्तगीर, काटेवाल्याचा मुलगा,
चौथी पास, हातात आमचा अंक,
कडा पिवळ्या, उग्र वासाचा.
बत्तीस जणी, सालाचे तीन-तीन पैसे,
टपालहशील दस्तगीरच्या आईचं.

तो वाचत होता आणि मी ऐकत होतो.
हे आमचंच होतं, पण आमचं नव्हतं.
कारण मेघ दाटले तिथं तो म्हणाला,
“आभाळ भरलं.”
मूल रडलं तिथं तो म्हणाला, “बाळ.”
पद्म आलं तेव्हा जरा थांबला,
शेजारच्या तायव्वाकडं बघितलं,
“कमळ गं,” म्हणाला, आणि पुढं गेला.

आमच्याकडं संपलेले ळ
इथं पोत्यानं होते.

“पुढं काय झालं की वो?”
“पुढं पुढल्या महिन्यात.”
बत्तीस जणी एकदम करवादल्या,
आणि कुणीतरी मला विचारलं,
“तूच छापतोस न्हवं? मग तुला ठावं असंल की.”
मला ठाऊक नव्हतं. मी फक्त शाई लावायचो.

परत येऊन सगळं सांगितलं.
पंतांनी वही उघडली,
एकशे बाराव्या ओळीपुढं बत्तीस लिहिलं,
मग त्या रात्री घरी जाऊन
कुणाकुणाला सांगत असतील, हे मनात आलं असावं,
कारण टाक तसाच धरून बसले,
आणि शाईचा थेंब आकड्यावर पडला.

पुढल्या महिन्यात पुण्याहून ळ आले,
कागदाच्या पुडीत, साखरेसारखे.
बसाप्पानं घर भरलं,
आणि पहिल्याच ओळीत, गोष्टीच्या वर,
पंतांनी सांगितलं ते जुळवलं,
आम्हाला उलटं, त्याला सुलटं:
वेळेवर.